कथेकऱ्यांनी पाठ फिरविली तेव्हा

१९१३ साली टोकियोतील कथेकऱ्यांनी एका मासिकाच्या मालकाला बजावले, की तुमच्या अंकात नानिवाबुशी गाणाऱ्यांना जागा देणे बंद करा. ते जमत नसेल तर आमची एकही कथा यापुढे तुम्हांस छापावयास मिळणार नाही. मासिकाचे नाव 'कोदान क्लब'. कोदान म्हणजेच कथेकऱ्यांची कथा. तेव्हा हा निरोप म्हणजे दूधवाल्याने हलवायाला पाठविलेला निरोप होता. मालक नोमा सेइजी पस्तिशीच्या आतला, मासिक अवघे दोन वर्षांचे आणि गाठीला पैसा बेताचाच. तरीही त्याने कथेकऱ्यांचे म्हणणे मानले नाही. आज जगभर चित्रकथांची कोट्यवधी पुस्तके विकणारी कोदान्शा ही प्रकाशनसंस्था त्या नकारातून वाढली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

जपानी चित्रकथा, ज्यांना तिकडे 'मंगा' म्हणतात, त्या आपल्याकडे आता नव्या राहिलेल्या नाहीत. घरातली नातवंडे त्या उजवीकडून डावीकडे वाचीत बसलेली पाहून आजोबा मंडळी बुचकळ्यात पडतात. पण या पोरांच्या हातातल्या पुस्तकाचे मूळ शोधीत गेले, तर बैठ्या मेजापुढे गुडघे मोडून बसलेल्या आणि हातातला पंखा आपटीत कथा सांगणाऱ्या एका माणसापाशी आपण पोहोचतो. आम्हां गाण्याबजावण्यातल्या लोकांना गोडी वाटावी असे या हकीकतीत बरेच काही आहे.

कोदान हा प्रकार आपल्या माणसाला चटकन समजण्यासारखा आहे. कीर्तनाच्या उत्तररंगातून टाळमृदंग आणि पदे काढून टाकावी आणि उरलेल्या आख्यानात लढाया, सूड, दरोडेखोर व स्वामिनिष्ठ सामुराई भरावे, म्हणजे कोदान झाले. साथीला वाद्य नाही. कथेकरी कागदाने मढविलेला पंखा मेजावर सपकन मारतो, तोच त्याचा ताल. कथा एका रात्रीत संपत नसे. ती दिवसेंदिवस चाले, आणि रोजची बैठक कोठे तोडावयाची याचे एक शास्त्रच होते. तलवार म्यानातून अर्धी बाहेर आली आहे, दारावर थाप पडली आहे, अशा जागी कथेकरी पंखा आपटून 'पुढले उद्या' म्हणून उठे. ऐकणाऱ्याने उद्या पुन्हा तिकीट काढलेच पाहिजे. ही 'तोडण्याची जागा' वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

नानिवाबुशी ही याच कथांची गाती बहीण. हातात शामिसेन घेऊन साथ करणारी बाई, आणि अर्धे गाऊन अर्धे बोलून आख्यान लावणारा गवई. मूळ रस्त्यावरचे, दारोदार फिरणाऱ्यांचे. पण १९०७ साली तोचुकेन कुमोएमोन नावाच्या गवयाने ते टोकियोच्या मोठ्या नाट्यगृहात नेले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. कथेकऱ्यांना राग आला तो यांच्या शेजारी बसावे लागण्याचा. काल दारात उभे राहून गाणारे आज आमच्या पंगतीला! ज्यांनी गाण्याच्या बैठकी पाहिल्या आहेत, कोणी कोणाच्या आधी गावे यावरून विस्कटलेल्या मैफली पाहिल्या आहेत, त्यांना हा राग अनोळखी नाही. त्याला निव्वळ खुळचटपणा म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. पिढ्यान् पिढ्या मेहनत करून मिळविलेली जागा कोणी सहज सोडीत नाही. मात्र भांडण कलेचे नव्हते, पाटाचे होते. आणि ज्या कथेकऱ्यांनी ते मांडले त्यांच्या हातून त्या दिवशी पाटाहून मोठी वस्तू निसटली.

नोमा सेइजी हा मूळचा प्रकाशक नव्हे. १८७८ साली गुन्मा प्रांतातल्या किर्यू गावी जन्मलेला हा गृहस्थ आधी ओकिनावा बेटावर शाळामास्तर होता, मग टोकियोच्या विद्यापीठात कायदा विभागात कारकून झाला. १९०९ साली तेथल्या विद्यार्थ्यांनी वक्तृत्वमंडळ काढले. नोमाच्या मनात आले, की ही भाषणे हवेत विरून जातात ती लघुलेखकांकडून उतरवून घेऊन छापली तर? त्या वर्षी त्याने आपल्या संस्थेची पाटी लावली. तिचे नाव 'महाजपान वक्तृत्व मंडळ' अशा थाटाचे होते. फेब्रुवारी १९१० मध्ये 'युबेन' म्हणजे वक्तृत्व, हे मासिक निघाले. पुढल्याच वर्षी त्याने पाहिले, की विद्वानांची भाषणे वाचणारे थोडे, आणि कथा ऐकणारे सारे गाव. १९११ च्या नोव्हेंबरात 'कोदान क्लब' निघाले, आणि त्यावरून संस्थेला 'कोदान्शा' हे नाव मिळाले.

बोलता शब्द लघुलिपीने पकडून विकण्याची युक्ती मात्र त्याची नव्हे. १८८४ साली सान्युतेइ एन्चो या नामांकित राकुगो कलावंताची भुताची कथा लघुलेखकांनी शब्दशः उतरवून छापली होती, आणि तेव्हापासून जपानी छापखान्यांना कथेकऱ्यांची चटक लागली होती. (राकुगो हा कोदानाचा हसरा चुलतभाऊ. एकच माणूस गादीवर बसून साऱ्या पात्रांचे संवाद म्हणतो.) आपल्याकडे त्यानंतर थोड्याच वर्षांत पंडित भातखंडे घराणेदार चिजा स्वरलिपीत उतरवू लागले, तेव्हा कित्येक बुजुर्गांनी तोंड मिटून घेतले, हे आपण जाणतोच. पण खाँसाहेबांनी चीज दिली नाही तर ती दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेण्याची सोय भातखंड्यांना नव्हती. नोमाला ती होती.

त्याने हिशेब मांडला, की कथा सांगणारा रुसला तर कथा लिहिणारा शोधावा. वीररसाची तीच आख्याने, तोच वेग, तीच तोडण्याची जागा; फक्त गळ्याऐवजी लेखणी. पत्रकारांना आणि होतकरू लेखकांना त्याने या कामी जुंपले आणि त्या लिखाणाला 'नवे कोदान' म्हणू लागला. जपानात पुढे जे लोकप्रिय कादंबरीवाङ्मय फोफावले त्याची एक मोठी मुळी या तडजोडीत आहे. १९१४ साली 'कोदान क्लब'च्या बक्षीसकथांमध्ये एका गरीब तरुणाची कथा निवडली गेली. त्याचे नाव योशिकावा एइजी. याच योशिकावाने १९३५ ते १९३९ या काळात एका दैनिकातून तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशीवर कादंबरी लिहिली. मुसाशी हा कथेकऱ्यांचा शंभर वेळा घासून गुळगुळीत केलेला नायक होता. योशिकावाने त्याला चुका करणारा, चडफडणारा, स्वतःशी झगडणारा माणूस केला, आणि सारा जपान दुसऱ्या दिवशीच्या मजकुराची वाट पाहू लागला.

नोमाची भरभराट येथे भराभर सांगून टाकतो, कारण ती आकड्यांचीच आहे. १९१४ मध्ये मुलांसाठी 'शोनेन क्लब'. १९२४ च्या अखेरीस 'किंग', ज्याचा पहिलाच अंक ७ लाख ४० हजार निघाला, आणि दोनतीन वर्षांत खप दहा लाखांवर गेला. जपानी मासिकाने तो टप्पा पूर्वी कधी ओलांडला नव्हता. १९३१ साली त्याच नावाने ध्वनिमुद्रिकाही निघू लागल्या. ज्याने आवाज कागदावर उतरवून पैसा केला तो अखेर आवाजाकडेच परत आला, याची मला गंमत वाटते. संस्थेचे ब्रीद होते 'रंजक आणि उपयोगी'. उपयोगी कोणाला, हा प्रश्न पुढे आला.

चित्रे या घरात शिरली तीही कथेच्याच दाराने. तागावा सुइहो नावाचा एक तरुण चित्रकलेचे शिक्षण घेऊन पोटासाठी कोदान्शाच्या मासिकांना नव्या राकुगो कथा लिहून देत असे. मांजर आणि सोनमासा यांच्यावरची त्याची एक कथा राकुगोवाले पुढेही सांगत राहिले. हा लेखक मूळचा चित्रकार आहे असे संपादकाला कळले तेव्हा त्याने विचारले, की मग चित्रांतूनच विनोद का करीत नाही? त्यातून १९३१ साली 'शोनेन क्लब'मध्ये 'नोराकुरो' अवतरला. हा एक बेवारशी काळा कुत्रा. तो कुत्र्यांच्या पलटणीत भरती होतो आणि घोटाळे करीत करीत बढती मिळवितो. लष्करातली नेहमीची मुदत संपली की त्याला घरी पाठवावयाचे ठरले होते; पण वाचकपोरे सोडीनात, म्हणून शिपायाचा कॅप्टन होईपर्यंत त्याला पलटणीतच ठेवावे लागले.

तोवर खऱ्या पलटणी चीनमध्ये उतरल्या होत्या. कोदान्शाच्या मासिकांनी त्या काळात सैन्याचा जयजयकार केला आणि कोट्यवधी घरांत तो पोहोचविला, हे लपविण्यात अर्थ नाही. पोरांना हसविणारा कुत्राही युद्धाच्या गाड्याला जुंपला गेला, आणि गंमत अशी की १९४१ साली सरकारलाच तो खुपू लागला: कागदाची टंचाई असताना लष्कराची ही थट्टा कशाला? 'नोराकुरो' बंद पडला. 'किंग' हे नावही शत्रूच्या भाषेतले ठरून १९४३ साली बदलावे लागले. नोमा हे पाहावयास नव्हता. १९३८ च्या ऑक्टोबरात तो वारला, आणि महिन्याच्या आत त्याचा एकुलता एक मुलगा हिसाशी, जो सम्राटासमोर झालेल्या १९३४ च्या तलवारबाजीच्या सामन्यात विजयी ठरला होता, तोही गेला. विधवा सासू साए हिने युद्धकाळात संस्था सांभाळली. पुढे हिसाशीच्या विधवेशी लग्न करून नोमांच्या घरात आलेल्या शोइची या जावयाने १९४५ नंतर ती पुन्हा उभी केली. तेव्हा कोदान्शावर युद्धाला हातभार लावल्याचा ठपका होता आणि बाजारातले इतर प्रकाशक तिला वाळीत टाका म्हणून ओरडत होते. 'शोनेन क्लब' गाजविणारा संपादक कातो केनइची यालाही सार्वजनिक कामातून दूर केले गेले. त्याने घरच्या बळावर १९४७ साली 'मंगा शोनेन' हे मासिक काढले, आणि तेझुका ओसामु या तरुण डॉक्टर-चित्रकाराची सिंहाच्या छाव्याची गोष्ट त्यात छापली. कोदान्शाचा माणूस कोदान्शाबाहेर राहून मंगाची नवी पिढी घडवीत होता.

१७ मार्च १९५९ रोजी एकाच दिवशी दोन साप्ताहिके बाजारात आली: कोदान्शाचे 'शोनेन मॅगझिन' आणि शोगाकुकान या संस्थेचे 'शोनेन संडे'. पहिल्याची किंमत ४० येन, दुसऱ्याची ३०. आणि मुलांच्या खिशाचा विचार करता निकाल काय लागणार ते सांगावयास नको. तेझुकासारखे मोठे चित्रकार 'संडे'कडे होते. १९६५ मध्ये तेझुकाची एक मालिका 'मॅगझिन'मध्ये सुरू झाली. पण आपली कल्पना फुटून दुसऱ्याच मालिकेत गेली, असा संशय येऊन त्याने ती काही आठवड्यांतच उचलली आणि 'संडे'कडे नेली. पुन्हा तेच! मोठ्या कलावंताने पाठ फिरविली आणि अंक रिकामा.

नवा संपादक उचिदा मासारु याने नोमाचाच डाव टाकला. तो पंगतीबाहेरच्यांकडे गेला. मिझुकी शिगेरु हा युद्धात डावा हात गमावलेला माणूस. त्याने रस्त्यावरच्या 'कामिशिबाइ'साठी चित्रे काढली होती, म्हणजे सायकलवर लाकडी चौकट बांधून, एकेक चित्र सरकवीत मुलांना गोष्टी सांगणाऱ्यांसाठी. आपले पैठणची चित्रे घेऊन फिरणारे चित्रकथीच म्हणा. पुढे तो भाड्याने देण्याच्या स्वस्त पुस्तकांकडे वळला होता. स्मशानात जन्मलेल्या एका मुलाची गोष्ट १९३० च्या सुमारास कामिशिबाइवाले सांगत असत. मिझुकीने ती आपलीशी केली होती. ती १९६५ पासून 'मॅगझिन'मध्ये येऊ लागली. कुमोएमोनच्या जातभाईंना १९१३ मध्ये दार उघडे ठेवल्याचा लाभ संस्थेला दुसऱ्यांदा झाला, असे मला वाटते.

दुसरा माणूस काजिवारा इक्की. हा चित्रकार नव्हे, कथानक लिहिणारा. १९६६ साली कावासाकी नोबोरुच्या चित्रांसह त्याची 'क्योजिन नो होशी' सुरू झाली. बेसबॉलपटू बाप मुलाला निर्दयपणे घडवितो, स्प्रिंगांचे जोखड अंगावर चढवितो, मुलगा रडतो आणि पुन्हा उठतो. गुरूच्या घरी पहाटे तीनला तंबोरा हातात घेतलेल्यांना ही कथा वाचून हसू येईल की रडू, कोणास ठाऊक. त्या वर्षाच्या अखेरीस 'मॅगझिन'चा खप दहा लाखांवर गेला. काजिवाराचे लिखाण वाचले की वाटते, पंखा आपटल्याचा आवाज पुन्हा ऐकू येतो आहे. तीच भारदस्त भाषा, तीच प्रतिज्ञा, आणि आठवडा जेथे संपतो तेथे चेंडू हवेत.

१९६८ मध्ये चिबा तेत्सुयाच्या चित्रांसह काजिवाराने (येथे त्याने ताकामोरी असाओ हे नाव घेतले) 'आशिता नो जो' ही मुष्टियोद्ध्याची कथा आरंभिली. तिच्यात एक प्रसंग असा घडला, की जो जुगलबंदी ऐकणाऱ्यांना फार आवडेल. नायक जो याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी पहिल्यांदा आला तेव्हा तो पुढे जोशी लढणार हे चिबाला ठाऊक नव्हते. त्याने त्याला भलताच उंचापुरा काढला. पण मुष्टियुद्धात वजनाचे गट असतात, आणि इतका मोठा माणूस जोच्या गटात येणार कसा? साथीदाराची मात्रा चुकली की मुरब्बी गवई तीच जागा पकडून तेथून नवी तान उचलतो. काजिवाराने तेच केले. रिकिइशी उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवितो, लढतो, जिंकतो आणि मरतो. २४ मार्च १९७० रोजी कवी व नाटककार तेरायामा शुजी याच्या पुढाकाराने कोदान्शाच्या सभागृहात रिकिइशीचा अंत्यविधी झाला. मुष्टियुद्धाचा आखाडा उभारला होता, बौद्ध भिक्षू मंत्र म्हणत होता, सुमारे सातशे लोक शोकाला आले होते. कागदावरच्या माणसाचे हे सुतक. कथेकऱ्याच्या बैठकीत श्रोते डोळे पुशीत असत त्याचीच ही पुढली पायरी, दुसरे काय?

त्यानंतरची यादी मोठी आहे आणि ती तरुण वाचक माझ्याहून चांगली सांगतील. १९८२ पासून ओतोमो कात्सुहिरोची 'अकिरा', १९९१ च्या अखेरीस ताकेउची नाओकोची 'सेलर मून', २००९ ते २०२१ पर्यंत चाललेली इसायामा हाजिमेची 'अटॅक ऑन टायटन', जिच्या दहा कोटींहून अधिक प्रती निघाल्या. १९९७ मध्ये 'मॅगझिन'ने शुएइशा या संस्थेच्या बलाढ्य 'जम्प'लाही काही वर्षे मागे टाकले. मग कागदाचे दिवस फिरले. २००२ साली युद्धोत्तर काळात प्रथमच संस्थेला तोटा आला. २०२० मध्ये पडद्यावर वाचली जाणारी पुस्तके आणि कथांचे हक्क यांचे उत्पन्न छापील पुस्तकांहून अधिक झाले. मालकी अजून नोमा घराण्याकडेच आहे.

आपल्या मुलखाशी या संस्थेचा एक खराखुरा संबंध आला. 'क्योजिन नो होशी'वरून २०१२ च्या डिसेंबरात 'सूरज द रायझिंग स्टार' ही चित्रमालिका कलर्स वाहिनीवर सुरू झाली. तीत कोदान्शाचा पुढाकार होता. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबई, आणि स्प्रिंगांच्या जोखडाच्या जागी सायकलच्या ट्यूबा. बापाचा कडकपणा मात्र सामानासह समुद्र ओलांडून आला. मालिका फार गाजली असे नाही. पण मुंबईच्या गल्लीत घाम गाळणारा तो पोरगा कथेकऱ्यांच्या मेजापासून किती मुक्काम करीत आला होता, हे पाहणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाच्या लक्षात आले असेल.

मुसाशीही परत आला. १९९८ मध्ये कोदान्शाच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात इनोउए ताकेहिको याने योशिकावाच्या कादंबरीवरून 'व्हॅगाबाँड' आरंभिली. कथेकऱ्याच्या तोंडून बक्षीसकथा लिहिणाऱ्या पोराच्या लेखणीत आणि तेथून कुंचल्यात, असा हा प्रवास. त्यात इनोउएने मुसाशीचा प्रतिस्पर्धी कोजिरो बहिरा केला आहे. पानेच्या पाने एक शब्दही नाही. बर्फ, गवत आणि तलवारीचे पाते. केवळ आवाजावर जगलेली कथा या पानांत येऊन अगदी मुकी झाली, आणि तरी तिच्यातली लय तुटत नाही. मी ती पाने उलटतो तेव्हा विलंबित ख्यालात दोन आवर्तनांमध्ये गवई जी जागा मोकळी सोडतो तिची आठवण होते. मालिका २०१५ साली मध्येच थांबली. तलवार म्यानातून अर्धी बाहेर.

आणि कथेकरी? त्यांचे दिवस नोमाच्या मासिकाने संपविले असे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रपट, रेडिओ आणि टेलिव्हिजन यांनीही आपापला घाव घातला. पण युद्धानंतर कोदान सांगणारे मूठभर उरले हे खरे. त्याच कोदान्शाच्या 'इतान' या नियतकालिकात २०१० ते २०१६ पर्यंत कुमोता हारुको या चित्रकर्तीची राकुगोवरील दीर्घ मंगा आली, आणि २०१४ साली तिला संस्थेचेच पारितोषिक मिळाले. तिच्यात याकुमो नावाचा एक वृद्ध उस्ताद आहे. शिष्य घ्यावयाचा नाही, ही कला आपल्याबरोबरच संपवावयाची, असा त्याचा पण. तुरुंगातून सुटलेला एक अडाणी पोरगा त्याच्या दारात येऊन बसतो आणि हलत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही गाण्याच्या घरात ही कथा मोठ्याने वाचून दाखवावी. समजावून सांगावे लागणार नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत एका तरुण कथेकऱ्याने कान्दा हाकुझान हे नाव सहावा वारस म्हणून धारण केले. (आडनाव आपल्या कानाला गमतीचे लागते खरे.) हे नाव चौरेचाळीस वर्षे रिकामे पडले होते. याच नावाचा तिसरा पुरुष नोमाच्या काळात इतका लोकप्रिय होता, की तो जेथे बसे त्याच्या आसपासच्या बैठकी ओस पडत. नव्या हाकुझानच्या कार्यक्रमांची तिकिटे हाती लागणे कठीण झाले. तोही बैठ्या मेजापुढे बसतो, पंखा आपटतो आणि कथा नेमक्या जागी तोडून उठतो.